बाहेरून पाहिलेलं जहाज

जर्सी सिटीच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये जो कोणी पाहुणा यायचा, तो बूट काढायचा, पाणी प्यायचा आणि उठून सोफ्यावरचं चित्र सरळ करायचा. कोणालाही न विचारता. "वाकडं झालंय वाटतं," असं पुटपुटत चौकटीचा एक कोपरा वर, दुसरा खाली. मग दोन पावलं मागे जाऊन बघायचा. आता चित्रातला समुद्र सरळ झालेला असायचा आणि चौकट वाकडी. मग पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभा. बायको डोळे वटारायची, "सांग की त्यांना!" पण घरात फुकटचं नाटक रंगात आलेलं असताना पडदा पाडणारा मी नव्हे.

समुद्र तिरका होता कारण मी तो तसाच काढला होता. जहाज डुलतं तेव्हा डेकवर उभ्या असलेल्या माणसाला जहाज डुलताना दिसत नाही. कठडे, कंटेनर, हातातला चहा, सगळं आपापल्या जागी असतं. कलतो तो समुद्र. एकदा या बाजूला, एकदा त्या. सतराव्या वर्षी बोटीवर चढल्यापासून मी समुद्र असाच पाहिला होता. पट्टीनं आखल्यासारखं क्षितिज मला फोटो स्टुडिओच्या पडद्यासारखं खोटं वाटायचं.

बायकोला तिच्या पुण्याच्या कंपनीनं एका बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामावर अमेरिकेला पाठवलं, तेव्हा मी चीफ ऑफिसर होतो, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा माणूस. घर पुण्याहून जर्सी सिटीला हललं त्या वेळी मी सिंगापूरच्या पलीकडे कुठेतरी होतो. पुढे काही महिन्यांनी जहाजावरून उतरलो, विमान पकडलं आणि २००२च्या थंडीत नव्या घराची बेल वाजवली. चार वर्षांच्या मुलीनं दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत ओरडली, "मम्मी, देअर्स अ मॅन!"

त्या 'मॅन'नं तिथेच ठरवलं की एक-दोन वर्षं समुद्र बंद.

व्हिसा बायकोचा होता. मी म्हणजे टगबोटीमागे दोरानं बांधलेली बार्ज. ती नेईल तिथे जायचं, स्वतःचं इंजिन नाही. मला कमवायची परवानगी नव्हती. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोक विचारायचे, "सध्या काय करता?"

"चित्रं काढतो."

"ते झालं हो. पण करता काय?"

रंगाशी माझी ओळख जुनी होती. जहाजावर गंज खरवडायचा, लाल प्रायमर मारायचा, वर रंग चढवायचा आणि तो रंग वाळेपर्यंत दुसऱ्या टोकाला गंज सुरू झालेला असतो. हा उद्योग मी आधी हातानं केला आणि मग वर्षानुवर्षं दुसऱ्यांकडून करून घेतला. शिवाय ड्यूटी संपल्यावर रद्द झालेल्या नकाशांच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लाटा काढायची खोड होती. जर्सी सिटीत वेळच वेळ होता आणि खिडकीतून हडसन नदी दिसत होती. चित्र टेकवायला इझल म्हणून मी इस्त्रीचं टेबल घेतलं. उंची कमी-जास्त होते, कामानंतर मिटवून दाराआड ठेवता येतं. चित्रकारांना हे अजून का सुचलं नाही देव जाणे. बायकोच्या ऑफिसच्या शर्टांवर अधूनमधून अटलांटिक उमटायचा, ही एक बारीक अडचण होती.

हे सगळं मजेत चाललं होतं, पण मधून मधून मुंबईहून कंपनीचा फोन यायचा. "केव्हा येताय? आता पुढच्या वेळी कॅप्टन म्हणून पाठवू." खोटं कशाला बोलू, त्या एका शब्दानं माझी झोप उडायची. परीक्षा झालेल्या होत्या, परवाना खिशात होता, फक्त जहाज मिळायचं बाकी होतं. मी म्हणायचो, जरा थांबा. आणि त्या परवान्यालाही एक मुदत असते. फार दिवस जमिनीवर काढले तर तो निरुपयोगी होतो.

"जायचं असेल तर जा," बायको म्हणायची. "मी अडवणार नाही. पण राहिलास तर स्वतःसाठी राहा. 'तुमच्यासाठी कॅप्टन झालो नाही,' हे मला म्हातारपणी जेवताना ऐकायचं नाहीये."

मुलगी तोवर शाळेत जाऊ लागली होती. तिची अडचण वेगळी. "बाबा, आर यू अ सेलर ऑर ॲन आर्टिस्ट? टीचरला काय सांगू?"

"काय सांगितलंस?"

"आय सेड यू आयर्न."

माझी चित्रं तेव्हा भेट म्हणूनच जायची. पुण्यापासूनचा माझा एक दोस्त, मूळचा नागपूरचा, त्यानं टेक्सासमध्ये फ्रिस्कोला घर घेतलं. वास्तुशांतीला मी एक मोठं चित्र पाठवलं. त्याला तिरका समुद्र नको होता, आख्खं जहाज हवं होतं. मी कंपनीच्या जुन्या कॅलेंडरवरचा फोटो समोर ठेवला आणि काढून दिलं. थोड्या दिवसांनी त्याचा फोन.

"अरे यार, तुझं जहाज बाहेर चाललंय!"

"जहाज बाहेरच जातं."

"तसं नाही रे. दारातून आत आलं की डाव्या भिंतीवर लावलंय. त्याचं तोंड दाराकडे. घरातली लक्ष्मी लादून भलतीकडे निघालंय. सासूबाई आल्यात भारतातून, त्यांनी बॅगा ठेवायच्या आत ओळखलं. आणि ऐक, माझा प्रोजेक्ट याच आठवड्यात कॅन्सल झाला."

"समोरच्या भिंतीवर लाव मग."

"तिकडे टीव्ही आहे."

"टीव्ही हलव."

"पागल झाला का बे? ऐक ना, उलटं काढून दे. कॉम्प्युटरवर एका क्लिकमध्ये होतं."

त्याला समजावता समजावता माझा घसा बसला. जहाजाला डावं-उजवं असतं. डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. आरशातलं जहाज काढलं तर समुद्रावरचा कुठलाही माणूस हसेल. "फ्रिस्कोत समुद्र कुठाय?" दोस्ताचं उत्तर. शेवटी मी दुसरं चित्र काढलं. जहाजाची दुसरी बाजू, तोंड घराच्या आत, लक्ष्मीसकट. पोहोचल्यावर फोन आला, पण आवाजात जोर नव्हता.

"येतंय ना आत?"

"दिशा बरोबर आहे," तो म्हणाला. "पण रागावू नको यार. ते येत नाहीये. उभं आहे. सासूबाई विचारतात, नांगर टाकलाय का?"

मी हसलो, फोन ठेवला आणि मग दिवसभर हसू आलं नाही. कॅलेंडर पुन्हा काढून बघितलं. खरंच, माझ्या चित्रातलं जहाज पाण्यावर पाव ठेवल्यासारखं ठेवलेलं होतं.

२००६ साली आमचं ग्रीन कार्ड आलं. आता मला चित्र विकायला हरकत नव्हती, घेणारं कोणी पाहिजे होतं. मेहुणी मॅसेच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहायची. तिच्याकडे मुक्काम करून आम्ही किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात गेलो. तिथे नुसती जहाजांची चित्रं विकणारी एक गॅलरी होती. मालकीणबाई म्हातारी, पायात रबरी बूट, तोंडात सतत काहीतरी चघळणं चालू. तिनं माझी सगळी चित्रं जमिनीवर मांडायला लावली आणि बागेत फिरावं तशी त्यांच्यामधून फिरली. तिरक्या समुद्रांपाशी हसली. आख्ख्या जहाजापाशी आली आणि हसणं थांबलं.

"तू जहाजावर होतास, हे दिसतंय," ती म्हणाली. "पण तू जहाज पाहिलेलं नाहीस."

मी छाती फुगवून माझ्या नोकरीचा सगळा इतिहास सांगितला. तिनं ऐकून घेतला.

"हो, पण पाहिलंयस का? चालताना? बाहेरून?"

मग म्हणाली, शरद ऋतूतल्या प्रदर्शनात एक जागा रिकामी ठेवते. आख्खं जहाज, ओळखीचं आणि चालणारं. जमलं तर आण.

परतीच्या वाटेवर कनेटिकट संपेपर्यंत मी गप्प होतो. ड्राइव्ह बायको करत होती. शेवटी तीच म्हणाली, "बोल काहीतरी. तू गप्प असलास की गाडी जड वाटते."

"तिला काय कळतं," मी म्हटलं. आणि थोड्या वेळानं, "खरं आहे ती म्हणते ते."

खलाशी आपलं जहाज कधी बघतो? धक्क्याला लागलेलं असतं तेव्हा, म्हणजे एक लोखंडी भिंत. नांगरावर असतं तेव्हा लहान होडीतून जाता-येताना, म्हणजे उभं. ते चालू लागतं तेव्हा आपण त्याच्या पोटात असतो. वरातीतला घोडा जशी वरात बघत नाही, तसंच. जे जगातल्या कुठल्याही किनाऱ्यावर शेंगदाणे खात बसलेल्या माणसाला दिसतं, ते मला आयुष्यात दिसलं नव्हतं.

आणि त्याच उन्हाळ्यात माझं जुनं जहाज नेवार्कच्या बंदरात आलं. चीफ ऑफिसर म्हणून मी शेवटी त्याच्यावरच होतो. कॅप्टनही तेच, माझे जुने सर. रत्नागिरीकडचे, आवाज असा की वायरलेस बंद पडला तरी चालेल. शनिवारी आमच्याकडे जेवायला आले. बायकोनं जर्सीतल्या दुकानातून गोठवलेलं पापलेट आणून त्याचं सार केलं होतं.

सर आत आले, बूट काढले, पाणी प्यायले आणि चित्रापाशी गेले. बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी कप घेऊन तयार. पण त्यांनी चौकटीला हात लावला नाही. चित्रासमोर उभे राहिले आणि हळूच त्यांचे पाय फाकले, एका गुडघ्यात वाकले, अंगाचा भार डावीकडे गेला. हात मागे बांधलेले. बराच वेळ तसे उभे राहिले.

"बिस्केचा उपसागर?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"कळलं ते."

जेवताना त्यांनी मुद्दा काढला. "हे बघ, माझी एक फेरी राहिलीय. मग मी उतरणार ते कायमचा. माझ्या जागी तू. कंपनीशी बोललोय. उद्या सकाळी जहाज सुटतंय. त्याआधी मला हो किंवा नाही सांग, मी तिकडे कळवतो. आता नाही आलास तर तुला परत कोणी बोलावणार नाही. तुझा परवानाही झोपेल."

"सर, अजून एक तुकडा घ्या," बायको म्हणाली.

"वहिनी, तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणायचं ते म्हणून झालंय, सर. तोच काही म्हणत नाहीये."

मुलगी मध्येच म्हणाली, "काका, इज देअर अ कॅप्टन्स हॅट?"

"आहे की. तुझ्या बाबाला देणारेय ती."

मी सारात भात कालवत राहिलो. जन्मभर जे मागितलं ते पापलेटाच्या ताटलीशेजारी येऊन बसलं होतं आणि मला हात पुढे करता येईना, मागेही घेता येईना. "सकाळी फोन करतो, सर," एवढंच म्हणालो.

सकाळी फोन केला नाही. काय सांगायचं तेच माहीत नव्हतं. फक्त एक ठरलं होतं, की जहाज जाताना बघायचं. नेवार्कहून निघालेलं जहाज स्टेटन आयलंडच्या कडेच्या अरुंद पाण्यातून येतं आणि मॅनहॅटनला जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यासमोर मोकळ्यात निघतं. फेरी फुकट. आम्ही तिघंही गेलो. मी बोर्डाला कागद लावला, मुलीकडे रंगांची डबी, बायकोकडे पाण्याची बाटली. फेरी मॅनहॅटनकडे निघाली, मी मागच्या कठड्याला टेकलो आणि ते आलं.

आधी घरांच्या छपरांवरून कंटेनरांची रास सरकताना दिसली, जणू गावातली एक गल्ली उठून चालायला लागलीय. मग नाक बाहेर आलं. मग सगळं. सकाळचं ऊन डाव्या अंगावर. नांगराच्या भोकाखाली गंजाचा ओघळ, तोच, ज्याच्याशी मी हात दुखेपर्यंत भांडलो होतो. पुढ्यातलं पाणी फुटत नव्हतं, नुसतं बाजूला होत होतं, गर्दीनं वाट द्यावी तसं. एवढं मोठं धूड आणि आवाज नाही. आत असताना आम्हाला आवाजाशिवाय काही नसायचं. मी पेन्सिल चालवायला लागलो होतो, कधी ते कळलं नाही.

फोन वाजला. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून हाकतात तिथे, बंदराचा वाटाड्या पायलट शेजारी असताना कॅप्टननं असा फोन करणं कुठल्या नियमात बसत नाही, पण सरांना नियम तोंडपाठ होते म्हणूनच ते वाकवता यायचे.

"कुठे आहेस?"

"समोर, सर. नारिंगी फेरी दिसतेय? तिच्या मागच्या कठड्याला."

"फेरीवर? मग फोन का नाही केलास? बोल लवकर, काय कळवू?"

"सर, तुम्ही ब्रिजवर उजव्या टोकाला आहात ना?"

"हो. मग?"

"डावीकडच्या कट्ट्यावर येता का? तिकडे ऊन आहे."

फोनमध्ये मागे पायलटनं काहीतरी हुकूम दिला, सुकाणूवाल्यानं तो परत म्हणून दाखवला.

"हलकट माणसा," सर म्हणाले. "चित्र काढतोयस?"

"हो सर."

"मी तुला माझं जहाज देतोय आणि तू मला उन्हात उभा करतोयस?"

"लवकर, सर. वळलात की मागचीच बाजू दिसेल."

फोन बंद झाला. मला वाटलं, संपलं. एवढ्यात ब्रिजच्या डाव्या कट्ट्यावर एक पांढरा ठिपका बाहेर आला. कठड्यावर दोन्ही हात ठेवले, मान ताठ, लग्नातल्या ग्रुप फोटोला उभा राहतो तसा. जहाज समुद्राच्या तोंडावरच्या पुलाकडे वळेपर्यंत तो हलला नाही.

"काय सांगितलंस?" बायकोनं विचारलं.

"डावीकडे या म्हटलं."

"आणि जहाजाचं?"

मी कागदाकडे बघितलं. "तेही सांगून झालं बहुतेक."

ती पाण्याची बाटली कठड्यावरून पडेल म्हणून धरून उभी राहिली. जहाज पुलाखालून गेलं, लहान झालं आणि मॅनहॅटनला उतरेपर्यंत मी त्याच दिशेला बघत राहिलो. ते माझं जहाज झालं असतं. हे मी आज इतक्या फुशारकीनं सांगतोय, पण त्या दिवशी संध्याकाळी मी अंथरुणात तोंड घालून पडलो होतो आणि मुलगी दारातून बघून गेली होती.

चित्र पूर्ण व्हायला शरद ऋतू उजाडला. गॅलरीतल्या बाईंनी ते भिंतीला टेकवून ठेवलं, बुटाच्या टोकानं दिवा जरा बाजूला सारला आणि हातोडी आणायला गेल्या. त्यांनी केलेलं कौतुक ते एवढंच. प्रदर्शनात एका निवृत्त टगबोटवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, माझी बोट काढून देशील? मग त्याच्या ओळखीचा दुसरा, मग एका कॅप्टनची विधवा, मग माशांच्या ट्रॉलरवर तीस वर्षं काढलेले दोन भाऊ. प्रत्येकाला स्वतःचं जहाज हवं असायचं आणि त्यांच्यापैकी कोणीही ते चालताना पाहिलेलं नसायचं. मी चित्र उलगडलं की ते माझ्याकडे पाहायचे आणि म्हणायचे, अशी दिसायची ती? अशा चित्रांवर आमचं निम्मं घर चालायला लागलं. शाळेत मुलीनं मला इस्त्रीवाल्यातून काढून आर्टिस्टमध्ये घातलं. फ्रिस्कोच्या दोस्ताला मी नवीन जहाज पाठवलं. फोन आला, "आता येतंय यार. जरा हळू यायला सांग, सोफ्यावर चढेल."

ते पहिलं चित्र मात्र मी विकलं नाही. घेणारे होते, पण सरांनी पाहिलं नव्हतं.

२००८ साली ते आले. निवृत्त झाले होते, मुलाकडे निघाले होते आणि वाटेत आमच्याकडे एक दिवस थांबले. अंगात स्वेटर, आवाज थोडा बसलेला. मी चित्र खिडकीपाशी उजेडात ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. आधी गंज बघितला आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलं. मग पाण्याची रेषा, मग दिवे, मग कंटेनर.

"मी कुठाय?"

मी ब्रशाच्या मागच्या टोकानं दाखवलं. "हे तुम्ही."

"हा ठिपका?"

"हो सर."

"एवढासा?"

"बाहेरून कॅप्टन एवढाच दिसतो, सर."

ते वाकून बघत राहिले. मला वाटलं, बोललो ते जास्तच झालं. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे तुला तेव्हाच माहीत होतं?"

"नाही. काढताना कळलं."

"बरं झालं," ते म्हणाले. "मला आत्ता कळलं. आधी कळलं असतं तर कामं झाली नसती." मग आवाज खाली आणून, बायकोला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "जरा मोठा करता येईल का रे?"

"सर, माप चुकेल. सगळं जहाज खोटं दिसेल."

"कोण बघतंय? तू आणि मी."

मी रंग काढला, बारीक ब्रश ओला केला. ते माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले, हात मागे बांधून. मी ठिपका किंचित वाढवला.

"अजून."

वाढवला.

"अजून थोडा."

"सर, आता कंटेनरएवढे झालात."

"असू दे," ते म्हणाले. "चालव हात."